गसच्या वाट्याची मूठ

शुक्रवार हा व्हर्ला टॉलेफसनचा नोकरीतला शेवटचा दिवस होता आणि सोमवारपासून गसची उपासमार सुरू होणार होती. पहिली गोष्ट अख्ख्या इमारतीला माहीत होती. दुसरी फक्त तिला माहीत होती, आणि ती सांगायला तिला तोंड नव्हतं.

गस म्हणजे माकड. लाल तोंडाचं, तेहतीस वर्षांचं, म्हणजे माकडांच्या हिशेबात पणजोबाच. विस्कॉन्सिनमधल्या त्या विद्यापीठाच्या मागच्या अंगाला, गाड्या लावायच्या जागेपलीकडे, खिडक्या नसलेली एक बसकी इमारत होती. तिथे माकडांवर एकच गोष्ट तपासणं चाललं होतं : कमी खाल्लं तर जास्त जगता येतं का? उंदरांवर, माश्यांवर, किड्यांवर हे आधीच करून झालेलं. अर्धपोटी उंदीर जास्त जगतो आणि उशिरा म्हातारा होतो, असं दिसून आलं होतं. आता माकडावर पाहायचं होतं, कारण तिथून माणूस फार लांब नाही. पण उंदीर तीन वर्षांत आटोपतो आणि माकड तीस-पस्तीस वर्षं घेतं, त्यामुळे हा प्रयोग ज्यांनी सुरू केला ते प्रोफेसर केव्हाच वारले होते. तेही पोटभर जेवून, असं व्हर्ला म्हणायची.

रीत अगदी साधी होती. निम्म्या माकडांना हवं तेवढं द्यायचं, निम्म्यांना त्यांच्या भुकेपेक्षा तीस टक्के कमी. कमीवाल्यांना जीवनसत्त्वं, क्षार, सगळं मिळत होतं. कमी असायचं ते नुसतं अन्न. गसची भूक दोनशे ग्रॅमची, म्हणून त्याला एकशे चाळीस ग्रॅम बिस्किटं लावून दिलेली. दर मंगळवारी वजन व्हायचं. वजन ठरलेल्या रेघेच्या वर गेलं की रोजच्या खाण्यातले पाच ग्रॅम कापायचे. संध्याकाळी प्रत्येकाच्या भांड्यात उरलेलं गोळा करायचं, काट्यावर ठेवायचं, वहीत लिहायचं आणि कचऱ्यात टाकायचं. कमीवाल्यांच्या भांड्यात काही उरत नसे, हे सांगायला नको.

व्हर्ला गोठ्यात वाढलेली. तिच्या बापाच्या चाळीस गाई होत्या, आणि गोठ्यात वाढलेल्या माणसाच्या हाताला एक सवय असते. एका गाईनं गव्हाणीत टाकलेला चारा फावड्यानं शेजारणीपुढे लोटायचा. हे कुणी शिकवत नाही. चारा बाहेर फेकलेला दिसला तर तिचा बाप दिवसभर कुणाशी बोलत नसे. एकोणीस वर्षांपूर्वी ती या नोकरीत आली त्या पहिल्या हिवाळ्यात, गसच्या शेजारच्या पिंजऱ्यात ब्रूनो नावाचा एक गलेलठ्ठ, भरल्या पोटाचा बोका राहायचा. माकडच, पण सगळे त्याला बोकाच म्हणत. तो अन्नात खेळायचा आणि रोज पन्नास-साठ ग्रॅम टाकून द्यायचा. एका संध्याकाळी व्हर्लानं त्याचं उष्टं मोजलं, लिहिलं, कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि गस गजांना धरून तिच्या हाताकडे बघत होता. हात आपसूक वळला. मूठभर बिस्किटं गसनं दोन्ही गालांत कोंबली आणि पाठ फिरवून बसला.

वही खोटी नव्हती. ब्रूनोनं टाकलेलं टाकलेलंच होतं, फक्त ते कचऱ्यात गेलं नव्हतं. यात काही वाईट आहे असं तेव्हा व्हर्लाच्या डोक्यात आलंही नाही. ज्यानं टाकलं त्याला नको होतं, ज्याला दिलं त्याला हवं होतं. आणखी काय पाहायचं?

पुढच्या काही मंगळवारी गसचं वजन रेघेच्या वर गेलं. पाच ग्रॅम कापले गेले. व्हर्लाला ते मनाला लागलं, कारण तिच्यामुळेच बिचाऱ्याचं कापलं होतं. म्हणून तिनं मूठ जरा मोठी केली. पुन्हा वजन वर गेलं, पुन्हा पाच ग्रॅम कापले. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण अडकलो. द्यायचं थांबवलं तर तो कापलेल्या खाण्यावर राहणार, आणि देत राहिलं तर आणखी कापणार. सात वेळा कापलं. एकशे चाळीसचे एकशे पाच झाले. मग गसनं तिशी ओलांडली आणि नियमाप्रमाणे त्याचा आकडा कायमचा गोठवण्यात आला. म्हातारपणी वजन उतरायचंच, तेव्हा ते उतरलं म्हणून खाणं वाढवायचं नाही, असा तो नियम.

एकदाच, अपेंडिक्स काढलं तेव्हा, ती आठ दिवस आली नव्हती. परत आली तर गसच्या खांद्याची हाडं वर आलेली आणि नजरसुद्धा हलत नव्हती. पुढच्या मंगळवारच्या आत तिनं दोन-दोन मुठी देऊन भर काढली. त्यानंतर तिनं सलग दोन दिवस कधी सुट्टी घेतली नाही. शनिवार-रविवारीही संध्याकाळी तासभर येऊन जायची, आणि त्याचे पैसे मागत नसल्यामुळे का येतेस असं कुणी विचारलं नाही. तिचा नवरा लाइल मात्र विचारायचा. त्याच्या मित्रांच्या बायका हिवाळ्यात फ्लोरिडाला जात होत्या, आणि याची बायको शंभर पावलांवर असलेल्या बर्फाच्या तळ्यावर मासे धरायलासुद्धा येत नव्हती.

"त्या माकडाशी लग्न लाव एकदा," तो म्हणायचा. "मी आहेर घेऊन येतो."

"तू आधी तुझं ताट पुसून खा," ती म्हणायची, आणि विषय संपायचा.

मनातल्या मनात तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ब्रूनो सत्ताविसाव्या वर्षी साखरेच्या दुखण्यानं गेला. भरल्या पोटाचे बहुतेक एकेक करून गेले, कमीवालेही बरेच गेले. गस तेहतिसाव्या वर्षी फळीवरून फळीवर उडी मारत होता. शास्त्रज्ञ म्हणत होते, भूक मारली म्हणून जगला. व्हर्ला म्हणायची, म्हणू देत. माझी मूठ त्याच्या पोटात जाते म्हणून जगला. हे सुख तिनं कुणाला दाखवलं नव्हतं, पण कमरेचा सांधा झिजून सिमेंटच्या फरशीवर उभं राहवेना, तेव्हाही त्या सुखावरच ती दोन वर्षं ओढत राहिली. शेवटी डॉक्टरनं सांगितलं, बास.

तिच्या जागी ड्वेन नावाचा पंचावन्नचा गडी आला. त्याच्याही गाई होत्या, नुकत्याच विकलेल्या. व्हर्लाला हायसं वाटलं. त्या शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारी भांडी धुताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे ड्वेन, गाईनं गव्हाणीत टाकलेलं काय करायचास?"

"काय करणार? शेजारणीपुढे लोटायचो."

"हां." तिनं भांडं विसळलं. "इथं तेवढं सगळं कचऱ्यात जातं बघ. जीव तुटतो. समज, आता या शेजारच्या पिंजऱ्यातल्या अर्लनं एवढं टाकलंय, आणि हा गस बघ कसा बघतोय..."

ड्वेननं गसकडे बघितलं, मग तिच्याकडे. "अगं, ही काय गाय आहे? गोठ्यात दूध हवं असतं. इथं यांना आकडा हवाय. तक्त्यावर एकशे पाच लिहिलंय ना? मग मी एकशे सहासुद्धा देणार नाही, काळजी नको करूस."

त्यानं ते तिला धीर द्यायला म्हटलं होतं. व्हर्लानं भांडं पुन्हा विसळलं. माणूस प्रामाणिक निघाला, हे तिचं नशीब.

मंगळवारी ती कॅरिनकडे गेली. डॉक्टर कॅरिन वेंडलँड ही आता प्रयोगाची प्रमुख. विद्यार्थिनी म्हणून आली होती तेव्हा व्हर्लानंच तिला माकडाच्या डोळ्याला डोळा भिडवू नकोस म्हणून शिकवलं होतं. व्हर्ला म्हणाली, गस म्हातारा झालाय, थंडी आहे, त्याचं खाणं थोडं वाढवता नाही का येणार? तीस-पस्तीस ग्रॅम?

"तीस-पस्तीस?" कॅरिन हसली. तिनं संगणकावर गसच्या वजनाची रेघ काढून दाखवली. तेवीस वर्षांची रेघ, पट्टीनं मारावी तशी सरळ. "हे बघा. तिशीनंतर बाकीचे सगळे वाळले. हा नाही. एकशे पाच ग्रॅमवर! निम्म्या खाण्यावर! व्हर्ला, जगात असं माकड दुसरं नाही. पुढच्या महिन्यात आमचा लेख छापून येतोय, त्यात गसला स्वतंत्र पान आहे."

"छान," व्हर्ला म्हणाली. आमच्या भागात माणूस बुडत असला तरी छान म्हणतो.

दोन रात्री तिला झोप आली नाही. सांगावं तर कॅरिनचा लेख गेला, तिची इतक्या वर्षांची मेहनत गेली, आणि आपले हाल कुत्रं खाणार नाही. न सांगावं तर गस दिवसादिवसानं वाळत जाणार, आणि वाळला तरी कुणी हलणार नाही, कारण म्हातारपणी वजन उतरायचंच. सगळे त्याची रेघ खाली जाताना बघतील आणि म्हणतील, चांगला जगला हो. बुधवारी जेवताना लाइलनं विचारलं, तुला झालंय काय? ती म्हणाली, कंबर.

गुरुवारी दुपारी निरोपाचं जेवण होतं. प्रत्येकानं घरून काहीतरी आणलेलं. बटाटे आणि खिम्याचे तीन ट्रे, चीज, लोणच्याची काकडी, आणि खोबरं-चॉकलेटच्या वड्या. वड्यांच्या ट्रेमध्ये शेवटची एक उरली. शेवटची वडी अख्खी उचलणारा माणूस आमच्याकडे जन्मायचा आहे. कुणीतरी अर्धी कापून घेतली, मग कुणीतरी त्यातली अर्धी, मग त्यातलीही अर्धी, आणि शेवटी नखाएवढा तुकडा उरला त्याला कुणी हात लावेना. माकडांच्या पोटाचा प्रयोग करणारी ही माणसं तीन-तीन वेळा वाढून घेऊन तृप्त बसली होती.

मग कॅरिन उठली आणि चार शब्द बोलली. "एकोणीस वर्षं," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं व्हर्लाच्या काट्यावर एक ग्रॅम इकडचा तिकडे झाला नाही. आमचे आकडे खरे आहेत ते या बाईच्या हातामुळे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ड्वेननं तर उभं राहून वाजवल्या.

शिव्या खाऊन व्हर्ला गप्प बसू शकली असती. कौतुक ऐकून बसवेना.

पांगापांग झाल्यावर ती कॅरिनच्या मागोमाग वजनाच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

"गस एकशे पाचवर जगत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी देते त्याला. ब्रूनोचं उष्टं द्यायची. ब्रूनो गेल्यापासून अर्लचं. मोजून झालं, लिहून झालं की."

कॅरिन आधी हसली. थट्टा असेल असं वाटलं तिला. मग हसणं थांबलं. "कधी दिलंत?"

"रोज."

"कधीपासून?"

"पहिल्या हिवाळ्यापासून."

कॅरिन स्टुलावर बसली. तिनं कपाळ धरलं. ती ओरडली असती तर व्हर्लाला बरं वाटलं असतं. "माझी आई गेली तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी आला होतात," ती म्हणाली. "मी तेव्हा म्हटलं होतं, या जगात एका माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवावा."

"मला माहीतेय."

"तुम्हाला काही माहीत नाही!" आता आवाज चढला. "छापायला गेलंय ते, व्हर्ला! मला पत्र लिहावं लागेल. सगळ्यांना सांगावं लागेल. आणि गसला प्रयोगातून काढावं लागेल. त्याचा एकही आकडा आता धरता येणार नाही."

"काढलं की त्याचं काय होईल?"

"काय व्हायचंय? सोमवारपासून पोटभर खाऊ दे त्याला. आता उपाशी ठेवून काय मिळवायचं?"

"पोटभर?" व्हर्लानं विचारलं. "रोज?"

"मरेपर्यंत."

व्हर्लाला रडूच फुटलं. लाजेचं नव्हे. एकोणीस वर्षं जीव मुठीत धरून काढली आणि वाट ही इतकी जवळ होती. एकदा तोंड उघडायचा अवकाश होता. तिनं डगल्याच्या बाहीनं नाक पुसलं. तिची नोकरी गेली, नाव गेलं, टाळ्या गेल्या, आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की कंबरही दुखेना.

पण कॅरिन शास्त्रज्ञ होती. रडणाऱ्या बाईकडे बघता बघताच तिच्या डोक्यात काहीतरी हललं.

"किती द्यायचात?"

"मूठभर."

"म्हणजे किती ग्रॅम?"

"मूठ म्हणजे मूठ. मोजायला तुझा काटा आहे, ते देणं माझ्या हाताचं होतं."

कॅरिननं बिस्किटांचा डबा ओढला, काट्यावर भांडं ठेवलं. "द्या. गसला देता तसं."

व्हर्लानं मूठ भरून टाकली. एकतीस. "पुन्हा." बेचाळीस. पुन्हा तेहतीस, मग अडतीस, एकोणतीस, सदतीस. गसला डोळ्यांपुढे आणून ती देत होती आणि आत कुठेतरी खूश होती. कॅरिननं सहाही आकडे कागदावर लिहिले, बेरीज केली, सहानं भागलं.

"पस्तीस," ती म्हणाली. "सरासरी पस्तीस." मग तिनं एकशे पाच लिहिले, त्यात पस्तीस मिळवले, आणि कागदाकडे बघत राहिली. "अरे देवा. व्हर्ला. एकशे चाळीस."

"मग?"

"एकशे चाळीसच तर ठरवले होते त्याला! पहिल्या दिवशी!" कॅरिन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. "तुम्ही मूठ दिलीत की वजन वाढायचं. वजन वाढलं की आम्ही कापायचो. तुम्ही जेवढं घातलंत बरोबर तेवढं आम्ही काढलं. रेघ हलली नाही ती त्यामुळेच! तक्त्यावरचा आकडा चुकलाय फक्त, खाणं चुकलेलं नाही. तो तीस टक्के कमीवरच होता. सगळा वेळ. एक दिवसही बाहेर गेला नाही."

व्हर्लाला ते एकदम कळलं नाही. तिनं विचारलं, "मग सोमवारी पोटभर..."

"नाही, नाही, आता गरजच नाही! त्याला काढायचं कशाला? लेखातला एक आकडा दुरुस्त करीन, खाली टीप देईन, जे घडलं ते लिहीन. मला बोलणी बसतील, बसू देत. ड्वेनला सांगते, एकशे चाळीस घाल. गस प्रयोगातच राहील."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

तेव्हा तिला कळलं.

"मूठ मोठी असायची," ती घाईनं म्हणाली. "आता हात आखडलेत, संधिवातानं. तेव्हा माझा हात बघितला असतास. दुप्पट मावायचं. आणि पुष्कळदा दोन मुठी द्यायचे मी. तीनसुद्धा. लिही. सत्तर लिही." पाच मिनिटांपूर्वी ज्या तोंडानं एकोणीस वर्षांचं खरं सांगितलं होतं, त्याच तोंडानं ती आता धडधडीत खोटं बोलत होती, आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती. "शंभर लिही, कॅरिन. मी सही करते."

कॅरिननं तिच्याकडे बघितलं. तिलाही समजलं असावं, कारण तिचा आवाज खाली आला. तिनं तिथल्या संगणकावर परवाचीच ती वजनाची रेघ पुन्हा उघडली. "सत्तर दिले असते तर ही वर गेली असती. आम्ही आणखी कापलं असतं. तुम्ही काहीही सांगा, मी काहीही लिहीन, पण तो रोज किती खात होता ते त्याच्या अंगात आहे. ते नाही बदलता येणार."

व्हर्ला त्या सरळ रेघेकडे बघत राहिली. तेवीस वर्षांतली एकोणीस तिची होती. त्यात कुठेही, एका ठिकाणीही, तिची मूठ दिसत नव्हती.

"मनाला लावून घेऊ नका," कॅरिननं तिचा हात धरला. सुटकेनं तिचे डोळे भरून आले होते. "तुमच्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही, व्हर्ला. खरंच. ना प्रयोगाचं, ना गसचं."

"मला वाटायचं," व्हर्ला म्हणाली, "माझी मूठ खाल्ली की त्याचं पोट भरतं."